कारल्याचे डोहाळे

धारगळला हमरस्त्याला लागून आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे माझी खोली. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला की बरण्या दिसत. शेव, खारे शेंगदाणे, लिमलेटच्या गोळ्या आणि कोपऱ्यात क्रीमची बिस्किटं. खाली खोक्यात नारिंगी रंगाच्या थंड बाटल्या. जत्रांचे दिवस असले की दोरीला खाज्याच्या पुड्या लटकायच्या. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आणि त्यांच्यावर आलं घातलेल्या गुळाचा जाड थर. जिला डॉक्टरनं गोड बंद केलंय अशा बाईला ठेवायला याहून वाईट जागा अख्ख्या पेडणे तालुक्यात सापडली नसती.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. गोवा वेगळं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर भाषेच्या वादातली एक घोषणा अर्धी पुसलेली होती. उरलेली अर्धी कोणाच्या बाजूची हे काही कळत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी ती तशीच राहू दिली होती. घरात आम्ही तीन माणसं. सासूबाई विधवा, दुकान त्यांचं. नवरा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि रविवारी घरी यायचा. त्याच्या उजव्या कानानं त्याला ऐकू येत नसे. लहानपणी तो कान फुटला होता, वर्षानुवर्षं वाहिला आणि मग कामातून गेला. त्याच्याशी काही बोलायचं तर डाव्या अंगाला जाऊन बसावं लागे. तिसरी मी, सावंतवाडीकडची.

पहिलं बाळ माहेरी झालं होतं. मोठं होतं, फार मोठं, आणि ते अडलं. मुलगा होता म्हणे. मी त्याला पाहिलं नाही. दाखवू नये असं कोणीतरी माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं आणि मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. त्यानंतर माहेरचं नाव निघालं की सासूबाई मान हलवायच्या. या खेपेला त्यांनी मला डोळ्यांपुढून हलू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सावंतवाडीची बस रोज दुपारी आमच्या दुकानासमोरच थांबायची. मी दुकानाच्या पायरीवर बसून तिच्यात चढणारी माणसं बघायची. हात केला असता तर माझ्यासाठीही थांबली असती.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, पहिलं बाळ किती वजनाचं होतं? मी सांगितलं. त्यांनी लगेच तपासणी लिहून दिली. काचेच्या नळीत निळं औषध असायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून ती तापवायची. निळीच राहिली तर सगळं ठीक. हिरवी झाली तर साखर आहे, पिवळी झाली तर जास्त. माझी नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि शेवटी विटेसारखी लाल होऊन थांबली.

"साकर ना, गूळ ना, बाटली ना, बिस्कूट ना," बाई कोकणीत म्हणाल्या. "नाचणो खा, मूग खा, पालेभाजी खा, नुस्तें खा. शीत फकत मूठभर." त्या कोकणीत बोलायच्या, मी मराठीत उत्तरं द्यायची, आणि दोघींचं एकमेकींना पुरेपूर कळायचं. नुस्तें म्हणजे मासे आणि शीत म्हणजे भात, एवढं मी केव्हाच शिकले होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिलं बाळ कशानं गेलं असावं ते त्यांनी मला समजावून सांगितलं. रक्तात साखर वाढली की पोटातलं मूल भराभर वाढतं, मग अडतं, आणि कधी कधी आतच जातं. साखर उतरली नाही तर आठव्यापासून इस्पितळात आणून ठेवीन, तरी वाचेल असं सांगत नाही, असंही म्हणाल्या. मला हे याआधी कोणीच सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की माझंच काहीतरी चुकलं, जोर कमी पडला. परतीच्या बसमध्ये मी रडले, आणि शेजारच्या बाईनं बस लागत असेल म्हणून मला लिंबू हुंगायला दिलं.

आता डोहाळ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे डोहाळा मनात असेपर्यंत बाईचा, आणि तोंडातून बाहेर पडला की घराचा. ज्याच्या कानावर गेला त्यानं तो पुरवायचाच. पुरवला नाही तर पोराचा कान फुटतो आणि वाहत राहतो, आणि तो दोष त्या घराचा. बाईनं सांगितलंच नाही तर कान तसाच फुटतो, पण मग दोष बाईचा. म्हणजे बोलले तरी अडकले आणि गप्प बसले तरी अडकले. असले नियम कोण करतं मला ठाऊक नाही. पोटुशी बाई नक्कीच करत नसणार.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सासूबाई पडदा सारून विचारायच्या, "काय जाय गो बाये तुका?"

"काही नको."

"असां कसां? काय तरी जाय आसतलांच."

हवं होतं हो, हवं होतं. मला खाजं हवं होतं. सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच डोळ्यांपुढे यायचं. आल्याचा वास पडद्यातून आत यायचा आणि तोंडाला असं पाणी सुटायचं की गिळता गिळता नाकी नऊ. पण सांगितलं की सासूबाई दोरीवरची पुडी काढून माझ्या हातावर ठेवणार आणि मी ती पूर्ण संपवणार, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. म्हणून मी नाचणीची भाकरी चावत बसायची. नाचणीवर माझा काही राग नाही. पण समोर खाजं लटकत असताना तिला मान द्यायला फार मोठं मन लागतं, आणि तेवढं माझं नाही.

खाज्याला मी हात लावला नाही. बिस्किटांना मात्र लावला. सासूबाई दुपारी जरा आडव्या व्हायच्या तेव्हा मी बरणीतून बिस्किटं काढायची, दोन्ही चकत्या अलगद सोडवायची, क्रीम दातांनी खरवडून खायची आणि चकत्या पुन्हा एकमेकींवर ठेवून बरणीत परत. आता सांगतानाही लाज वाटते. दोनेक आठवड्यांत गिऱ्हाइकं तक्रार करू लागली, हल्ली या बिस्किटांत क्रीमच नसतं. सासूबाईंनी बिस्किटं टाकायला येणाऱ्या माणसाला असा फैलावर घेतला की तो बिचारा चहा न घेता गेला. मी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून बसले होते. हसू येत होतं, आणि हसता हसता मला त्या लाल नळीची आठवण झाली. मी माझ्याच पोराशी दगा करत होते. त्या दिवसापासून बरणी बंद.

खरोखरच बंद. पंधरा दिवस मी साखरेचा कणही तोंडात घातला नाही. चहा कोरा, बिनसाखरेचा. भात मूठभर, तोही माझ्याच मुठीनं मोजलेला, आणि माझी मूठ लहान आहे. मूग, आळूची भाजी, बांगडा. मोठ्या तोऱ्यात मी म्हापशाला गेले. नळी लालच झाली.

"तोंडांत कितें कितें वता, सगळें सांग," बाई म्हणाल्या. मी सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "फट मारूं नाका. म्हाका फटोवन कोणाचें बरें जातलें?"

मी पंधरा दिवसांपूर्वी खोटं बोलले असते तर मला हे चाललं असतं. आता मी खरं बोलत होते आणि कोणाला ते पटत नव्हतं. रविवारी नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसून मी त्याला सांगितलं. तोही म्हणाला, "एखाद वेळेस खाल्लं असशील, आठवत नसेल." मग मलाच शंका येऊ लागली. झोपेत उठून खाते की काय मी? दोन दिवस मी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बरणीतली बिस्किटं मोजली. बिस्किटं तेवढीच होती. माझं अंगच विषारी आहे, काहीही खाल्लं तरी त्याची साखरच होणार, आणि हेही मूल मला न दाखवताच नेतील, असं मनानं घेतलं. पोटात लाथ बसली की आनंद व्हायच्या ऐवजी मी दचकायची. त्या खोलीत मला श्वास पुरत नव्हता. समोर बस यायची, थांबायची, आणि जायची.

नळी लाल कशानं होत होती ते मला कळलं ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले म्हणून. आमच्याकडे पोटुशीला दोन्ही वेळ काढा देतात. जिरं, धणे, मेथी, सुंठ असं उकळून, गाळून. माझ्या माहेरीही देत. मी तो रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर प्यायची. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या आणि उकळत्या काढ्यात माडाचा काळा गूळ सोडत होत्या. लिंबाएवढा खडा. तो विरघळला तशी त्यांनी डब्यातून दुसरा काढला.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं, काढा सोडून. कारण काढा म्हणजे खाणं नव्हे, काढा म्हणजे औषध. औषध कोण जेवणात धरतं? काढा जरा गोडसर लागायचा, पण काढा गोडसर असतोच. माझ्या आईचाही असायचा. मी इतकी शहाणी, मूठ मोजून भात खाणारी, आणि दिवसाला चार लिंबांएवढा गूळ डोळे मिटून पीत होते.

"हे काय करता आई?"

त्या दचकल्या नाहीत. "तोंडाक गोड बंद केलां तुज्या. काढ्यातसून तरी जांव दी पोटातल्याक."

"डॉक्टरनी काय सांगितलं ते ऐकलं ना तुम्ही?"

"दाक्तरणीक काय खबर? पोटातल्याक जाय आसता."

आणि मग मी ओरडले. सासूबाईंवर आवाज चढवला तो आयुष्यात तेवढा एकदाच. म्हटलं, माझं एक गेलंय, मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, आणि तुम्ही दुसरंही माझ्या हातून घालवताय. दुकानात कोणीतरी काडेपेटी मागत उभं होतं, ते ऐकून तसंच निघून गेलं.

सासूबाई बराच वेळ काढा ढवळत राहिल्या. मग चुलीकडे बघतच बोलल्या. माझा नवरा त्यांच्या पोटात असताना त्या जत्रेला गेल्या होत्या. तिथं त्यांना एक वस्तू हवीशी झाली. "सासूक सांगूक भियलंय. घोवाक सांगूक लजलंय. तशीच घरा इलंय." मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि त्याचा उजवा कान वाहू लागला. वैदू झाले, पणजीचे डॉक्टर झाले. "रोज सकाळी तेचो कान पुसताना माका कळत आसलां, ह्यां माज्यान जालां."

"काय हवं होतं तुम्हाला?"

"आता कित्याक तां?" त्यांनी काढा गाळला आणि पेला माझ्यापुढे ठेवला. "तूं सांग तुका काय जाय तां. सांगलंस काय गूळ बंद. तवसर नाय."

त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या मला त्यांच्या मुलाच्या कानापासून वाचवत होत्या, मी माझ्या पहिल्या मुलाच्या मरणापासून पळत होते, आणि काढ्याचा तो पेला आमच्या दोघींच्या मधे होता. मी तो उचलून मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा ओतला. काढ्यावरून भांडणही नव्हतं, आरडाओरडाही नव्हता. नुसता पेला यायचा आणि ओतला जायचा, आणि आम्ही दोघी त्या एवढ्याशा घरात एकमेकींना टाळून वावरायचो. काढा थांबला तर जेवणात येईल, आमटीत येईल, सोलकढीत येईल, हे मला दिसत होतं. रांधणाऱ्या बाईच्या हातावर पहारा किती दिवस ठेवणार?

सातव्या महिन्यात आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका फुलं माळायला आल्या; डोहाळजेवणच ते. पहिल्या खेपेलाही माळली होती. हा मान पहिलटकरणीचाच, पण ती खेप धरायची नाही, असं त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं. मला पाटावर बसवलं, केसांत अबोली, सुरंगी, जाई अशी काही खोवली की मान हलवता येईना. ताटं झाकून आणली होती आणि झाकणांखाली काय होतं ते वासावरून कळत होतं. सगळं गोड. प्रत्येक घराचं एक ताट आणि प्रत्येकातलं चाखायलाच हवं. ओटी भरून झाल्यावर वयानं सगळ्यांत मोठी बाई पुढे वाकली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "सांग गो, कसले डोहाळे लागले?"

सगळ्या पुढे सरकल्या. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्या तोंडावर खिळली होती. दोन महिने त्या ज्याची वाट बघत होत्या ते आता बाहेर पडणार होतं. आणि मला एकदम सुचलं. एकदा बोलले की ते पुरवणं या सगळ्यांना भाग आहे. मग मी काय बोलायचं ते माझ्या हातात आहे.

"कारलं," मी म्हटलं. "मला कडू कडू कारली हवीत. गोडाकडे बघवतसुद्धा नाही. गोड बघितलं की मळमळतं."

बायका हसल्या, मग आश्चर्य केलं, मग एक म्हणाली, मुलगी असणार, दुसरी म्हणाली, मुलगा. झाकलेली ताटं तशीच परत गेली. सासूबाई आत गेल्या आणि गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवून आल्या.

त्यानंतर काय झालं ते विचारू नका. वायंगणातली, म्हणजे भातकापणीनंतर लावलेली, कारली नुकती सुरू झाली होती आणि वाड्यावर प्रत्येकाच्या मांडवावर लगडली होती. रोज कोणा ना कोणाकडून वाटी यायची. कारल्याची भाजी, तळलेल्या कारल्याची खोबरं-कांदा घातलेली किसमूर, भरलेलं कारलं, तेही गूळ न घालता. सासूबाई स्वतः रोज सकाळी कारलं चिरायच्या आणि माझ्यासमोर बसून मला खायला लावायच्या. चेहरा वाकडा करायची सोय नव्हती, डोहाळे ना माझे! हौसेनं खावं लागायचं. कडवटपणानं जीभ इतकी बधिर झाली की शेवटी नाचणीची भाकरी मला गोड लागू लागली. काढा बंद झाला. पडद्यापलीकडे खाजं लटकतच होतं. मी कारलं चावत त्याच्याकडे बघायची आणि स्वतःला शिव्या घालायची, की निदान भेंडी तरी म्हणायचं होतंस.

नळी आधी पिवळी झाली, मग हिरवी. आठव्या महिन्यात एकदा निळी राहिली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरून पुन्हा पाहिली. मी त्यांना काढ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हें तूं पयलींच सांगपाचें आशिल्लें. मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं.

मेअखेरीस मुलगी झाली. पावणेतीन किलोची, अडली नाही, आणि रडली. मला दाखवा, मी म्हटलं, आत्ता दाखवा, आणि त्यांनी दाखवली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आठ महिन्यांची झाल्यावर एका सकाळी तिच्या दुपट्यावर पिवळा डाग दिसला. कान वाहत होता. उजवाच. मी शिकलेली, नळीतले रंग ओळखणारी. पण डोक्यात पहिलं आलं ते हेच, की मी डोहाळा खोटा सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरांचे कान सर्दीनं फुटतात, औषध घातलं की बरे होतात, तुझ्या नवऱ्याचाही वेळेवर औषध मिळतं तर बरा झाला असता. मी मान हलवली. पटलं, तरी घरी पोचेपर्यंत मी तिचा कान पुन्हा पुन्हा बघत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी औषधाची बाटली माझ्या हातातून घेतली. पोरीला मांडीवर घेतलं, कापसाच्या वाती वळल्या, कान पुसला, थेंब घातले. असे चार दिवस, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी कान पुसता पुसता म्हणाल्या, "कारल्याचे डोहाळे खंयच्या बायलेक लागतत गो?"

मी दुकानाच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसले होते.

"तुम्हाला कळलं होतं?"

"तेवाच."

"मग बोलला नाहीत का? रोज चिरून घातलंत मला."

त्यांनी कापूस उजेडाकडे धरून पाहिला. तो कोरडा होता. "बोलूक वतालंय. मगे तुजो पयलो याद जालो. म्हटलां, कान व्हांवलो तर पुसतलंय. पुसूक पोर तरी जाय."

बाळंत होईपर्यंत मी त्यांच्या हातावर पहारा ठेवला होता. एवढं कळत असून, आपल्या नातीचा कान जाणार असं मनाशी पक्कं धरून, ही बाई दोन महिने कारलं चिरत बसली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण त्यांच्या मांडीवर पोर होतं आणि आमच्या घरात असलं काही कोणी करत नसे.

"खरां काय जाय आसलां तुका?" त्यांनी विचारलं.

"खाजं."

त्या दोरीकडे बघत राहिल्या. जत्रा पुन्हा सुरू झाल्या होत्या, पुड्या लटकत होत्या. इतकी वर्षं दर जत्रेला खाजं विकणाऱ्या या बाईनं एकदाही कांडी तोंडात टाकलेली मी पाहिली नव्हती. दात दुखतात म्हणायच्या.

"माका पण तांच जाय आसलां," त्या म्हणाल्या.

मी उठले, एक पुडी तोडली आणि आमच्या दोघींच्या मधे पायरीवर उघडून ठेवली. त्यांनी बराच वेळ हात लावला नाही. मग एक कांडी उचलली, कडेनं तोडली आणि सावकाश चावली. सावंतवाडीची बस येऊन थांबली, दोन माणसं चढली, बस गेली, तरी त्या तोच घास चावत होत्या.

"ह्याच खातर?" त्या म्हणाल्या, आणि उरलेली अर्धी कांडी त्यांनी पुडीत परत ठेवली.